दोन बर्चांमधली जागा

मागून बोलतोय मी, ट्रकच्या मागून. मी एक कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, पण स्वतःचं इंजिन नसलेलं. कुणी ओढेल तिकडे जायचं, ठेवेल तिथे राहायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट माणसं मला जोडून निघाली की मला भारी उत्सुकता वाटते, आज ही मंडळी मला कुठे नेऊन उभं करणार?

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. आधी नुसता लोखंडी सांगाडा होतो. मग भिंती आल्या, चूल आली, पलंग आला, आणि दोघं एकदम शिरली तर भांडण व्हावं एवढी न्हाणी आली. मिशिगनच्या वरच्या टोकाकडून आर्वो कांगास मला बघायला आला. त्याने माझ्या टायरवर बुटाने ठोकून पाहिलं. त्याची बायको लेम्पी सरळ आत शिरली, पलंगावर बसली आणि म्हणाली, "हाच घ्यायचा."

तेव्हापासून उन्हाळा म्हणजे आम्ही तिघं. पुढे पुल्ला आला, वासराएवढा तपकिरी कुत्रा. लेम्पी घरी वेलचीचा गोड पाव भाजते, त्या पावाचंच नाव त्याला दिलेलं.

माणसं मुक्कामाची जागा कशी निवडतात, हे इतकी वर्षं बघूनही मला उलगडलेलं नाही. घरची दोन-दोन न्हाणीघरं सोडून येतात आणि पहिला प्रश्न काय, तर "संडास स्वच्छ आहेत ना?" एकांत हवा म्हणून जंगलात येतात आणि शेजारी कोण उतरलंय ते पडद्याआडून बघत बसतात. स्वतःची पोरं बोंबलत असली तरी जागा मात्र दुसऱ्यांच्या पोरांपासून लांब हवी. आर्वो जमीन सपाट आहे का ते बघायचा. लेम्पी बघायची, संध्याकाळचं ऊन पाण्यावर कुठून येतं ते. शेवटी लेम्पीचंच खरं व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात आर्वो गेला. मी अंगणात बर्फाखाली उभा होतो, मला कुणी सांगायला आलं नाही. पण दाराशी इतकी माणसं आली आणि त्यांत आर्वोचा आवाज नव्हता, तेव्हाच मी समजलो.

वसंतात मुलगी आली, क्रिस्टा. माझ्या पायरीवर बसून म्हणाली, "आई, विकून टाक हा. सरळ ओढून न्यायला आपल्याला दोघींनाही येतं, पण मागे घेऊन जागेवर लावायला एकीलाही येत नाही. ठेवून करणार काय?"

लेम्पीने माझ्या दारावरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाली, "एकदा जाऊन बघू. तू, मी आणि पुल्ला. जमलं तर ठेवू. नाहीच जमलं, तर तुझा चुलतभाऊ कधीचा मागतोय, त्याला देऊ."

खरं सांगतो, मी घाबरलो. हा चुलतभाऊ मला मासेमारीचं सामान ठेवायला मागत होता.

जुलैत निघालो. पहिल्या ठिकाणी पोहायचं तळं होतं, पोरांसाठी घसरगुंडी होती, शनिवारी गाणं-बजावणं होतं. तिथला व्यवस्थापक पुल्लाकडे बघून म्हणाला, "कुत्रे चालतात. फक्त तळ्यात उतरवायचे नाहीत."

"मग तळं काय फोटो काढायला ठेवलंय?" असं म्हणून लेम्पी परत ट्रकमध्ये बसली. पुल्ला म्हातारा झाला होता, मागचे पाय धरत नव्हते. पण पाण्यात त्याला पायांचा विसर पडायचा.

दुसऱ्या ठिकाणी दोनच जागा उरल्या होत्या. एक वर, रस्त्याला लागून, एका बाजूने शिरून दुसरीकडून निघायची. दुसरी खाली, अगदी पाण्याशी, बर्चच्या दोन झाडांमध्ये. तिथे मागे सरकतच शिरावं लागणार होतं.

"वरचीच घे, आई. सरळ आत, सरळ बाहेर. फोनला रेंजही आहे."

लेम्पीने खाली बोट दाखवलं. पुल्ला केव्हाच उतरून पोटापर्यंत पाण्यात बसला होता.

"रोज ही चढण तू त्याला उचलून आणणार आहेस का?"

क्रिस्टा कुत्र्याकडे बघत माझ्या मागे जाऊन उभी राहिली. लेम्पी स्वतः स्टिअरिंगवर जाऊन बसली.

आता अशा ठिकाणी दुपारची करमणूक एकच असते, दुसऱ्याने गाडी मागे घेणं. भराभर खुर्च्या आमच्याकडे वळल्या. बिअरचे डबे फुटले. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं?

"डावीकडे, डावीकडे!"

"अहो काकू, उलटं फिरवा! तो उलटाच वळतो!"

क्रिस्टा मागे उभी राहून कोंबड्या हाकलल्यासारखे हात करत होती. लेम्पी गोंधळली. ती इकडे वळवी, मी तिकडे जाई. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. अखेर बर्चने मला धरलंच. कर्रर्र करत दारापासून खिडकीपर्यंत पत्रा खरवडून निघाला. मला लागलं, पण त्याहून जास्त लागलं ते लेम्पीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं तेव्हा.

"राहू दे, आई," क्रिस्टा हळूच म्हणाली. "वरच लावू. आणि चुलतभावाला मी फोन करते."

लाल टोपीचा एक माणूस उठून आला. "काकू, मी लावून देऊ? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," लेम्पी म्हणाली आणि खाली उतरली.

ती मागे आली. माझ्या ओरखड्यावर तिने तळहात ठेवला. मग सवयीने दोन पावलं बाजूला सरून डाव्या बर्चपाशी उभी राहिली. सगळे उन्हाळे ती अशीच उभी राहायची. तिथून तिने माझ्याकडे बघितलं, झाडांकडे बघितलं, मग ट्रकच्या आरशाकडे. आरशावर तिची नजर थांबली.

"क्रिस्टा, तू बस स्टिअरिंगवर."

"मी? अगं, मला कुठे..."

"बस म्हणते ना. झाडांकडे बघू नकोस, या मंडळींकडे तर नकोच नको. आरशात फक्त माझे हात बघायचे. हात दिसेनासे झाले की थांबायचं." मग ती खुर्च्यांकडे वळली. "आणि तुम्ही सगळे, तोंडं मिटा. नाहीतर हा ओला कुत्रा तुमच्यात सोडते."

लोक हसले आणि गप्प झाले. लेम्पीचा उजवा हात उघडला, मी वळलो. मूठ मिटली, थांबलो. दोन्ही तळवे तिच्याकडे आले, सरकत गेलो. एकदाही तिने आवाज चढवला नाही. झाडं दोन्ही बाजूंनी निघून गेली आणि माझी मागची खिडकी पाण्यासमोर आली.

क्रिस्टा उतरून मागे आली. "आई, बाबा मागे वळून कधी बघायचेच नाहीत, ना?"

"नाही गं. तो माझे हात बघायचा."

एवढं म्हणाली आणि लेम्पी रडली. हिवाळ्यापासून रडली नव्हती ती. लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडली. सगळा मुलूख आर्वोला गाडी लावण्यात वस्ताद म्हणायचा, आणि आर्वोलाही ते पटलेलं होतं. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

चुलतभावाला फोन कुणी केला नाही. पुल्ला रोज पोहला आणि रोज ओल्या अंगाने माझ्या सावलीत झोपला. पत्रा खरवडलेला आहे, पडदे विटलेत, पण मी मजेत आहे. तुम्हाला एकच विनवणी करतो. कुणी गाडी मागे घेताना दिसलं तर खुर्चीतून ओरडू नका. त्या माणसाला नेमके कुणाचे हात दिसेनासे झालेत, ते तुम्हाला माहीत नसतं.

आज निघायचं आहे. मला ट्रकला जोडून झालंय. लेम्पीने क्रिस्टासमोर हात धरलाय.

"किल्ली दे. उत्तरेला अजून एक तळं आहे, तिथे कुत्र्यांना पाण्यात सोडतात म्हणे. तिथे मी लावणार, तू मागे उभं राहायचं."

"मला नाही गं येत तुझ्यासारख्या खुणा!"

"मग शिक. मी काय जन्मभर मागेच उभी राहू?"

ट्रक सुरू झाला. येतो मी.