ओनोरीनची घंटा

मॉंफ्रोआ गावात कोण गेलं ते चर्चची घंटा सांगते. बाई गेली तर दोन-दोन ठोके, बाप्या गेला तर तीन-तीन. खोऱ्यातल्या लांबलांबच्या शेतघरांना तेवढं पुरतं. कुठलं घर आजारी आहे ते सगळ्यांना ठाऊक असतंच. ही घंटा आन्सेल्मने उभा जन्म वाजवली. मग चर्च गावाचा वारसा ठरलं, आणि वारसा जपायचा म्हणून पंचायतीने पहिलं काम काय केलं, तर दोर काढून मोटर बसवली. दोर गेला काचेच्या कपाटात, खाली पाटीसकट. आन्सेल्म ती पाटी वाचून म्हणाला होता, "मलाही बसवा की आत. जागा आहे."

त्याची बायको ओनोरीन बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती. शेवटी शेवटी तिने एकच हट्ट धरला.

"माझी घंटा तू वाजव. त्या मोटरीला काय कळतंय."

"गप गं. एवढ्यात कुठे निघालीस?"

"वाजवशील ना पण?"

"वाजवीन."

ती पहाटे गेली. उजाडल्यावर आन्सेल्म सरपंचीण मिरेयच्या दारात उभा राहिला. "पोरी, दोर दे," एवढंच म्हणाला. मिरेयने स्वतः कपाट उघडलं, मोटर बंद केली, आणि दोर बांधायला त्याच्याबरोबर मनोऱ्यात चढली.

खाली येऊन आन्सेल्मने दोर ओढला. एक, दोन. आता थांबायचं. पण थांबलं की ओनोरीन मेली हे साऱ्या खोऱ्याला सांगून झालं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू फुटलं. दोर आवरायचा राहिला, तिसरा ठोका पडला. पुढचेही तीन-तीनच पडत गेले. त्याला भान नव्हतं, आणि मिरेयला त्याला अडवायचा धीर झाला नाही.

दुपारी दार वाजलं. वरच्या शेतावरची फेर्नांद, अंगात काळा कोट, हातात सुपाचं भांडं. दार उघडणाऱ्या आन्सेल्मकडे ती बघतच राहिली.

"तू?"

"मग कोण असणार?"

"तीन-तीन ठोके पडले ना रे. आम्हाला वाटलं, तूच... ओनोरीन एकटी पडली म्हणून धावत आले. कांद्याची पात घातली नाहीये हो, तिला बाधते."

आन्सेल्मने चौकट धरली. "ती गेली, फेर्नांद. पहाटे."

फेर्नांद आत येऊन बसली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "जा बाबा, परत वाजव. लोक तुझ्या नावाने प्रार्थना करतायत. तिच्यासाठी कुणीच नाही."

आन्सेल्मने खुंटीवरचा कोट घेतला, एक हात बाहीत घातला आणि थांबला.

"वरच्या शेतांवरल्या लोकांसाठी ती अजून आहे, नाही का गं?"

"आहे. तिच्याशी काय बोलायचं तेच ठरवत आले मी."

"मग संध्याकाळपर्यंत राहू दे."

फेर्नांदने दोन ताटल्या काढून सूप वाढलं. दोघांनी ते बिनपातीचं सूप संपवलं.

संध्याकाळी आन्सेल्म एकटाच चर्चमध्ये गेला. दोन ठोके दिले, आणि तिसरा पडू नये म्हणून दोराला सगळं अंग टाकून लोंबकळून राहिला.