लोखंडी पाइपाचा कालखंड

सौदीतल्या खमीस मुशैत शहराच्या दक्षिणेला असलेल्या, आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणाएवढ्या एका गावात स्वप्नाली नर्स म्हणून नवीन आली आणि हॉस्पिटलच्या बसमध्ये प्लंबर पंकजशेजारी बसली. छाप पाडायला त्याने गावाचा इतिहास काढला. तोंड उघडल्यावर त्याला कळलं, आपल्याला हे गाव फक्त जमिनीखालून ठाऊक आहे.

“इथे दोनच कालखंड. आधी लोखंडी पाइप, मग प्लास्टिक.”

“आणि भूगोल?”

“वरची आळी आंघोळीला बसली की खालची आळी साबण लावून थांबते.”

“तो मातीचा बुरूज?”

“त्यात संडास नाही. माझा अभ्यास नाही.”

स्वप्नालीने तोंड खिडकीकडे फिरवलं. पंकज मनात म्हणाला, खलास!

उतरताना ती म्हणाली, “अहो इतिहासकार, माझा नळ गळतोय. कुठल्या कालखंडातला आहे, बघाल?”

इतिहासकार पाना आणायला धावत सुटले.