होनामीचं गरम उदोन

कुनिआकीने उकळत्या पाण्यातून उदोनच्या जाड शेवया जाळीने उचलल्या, दोनदा झटकल्या आणि वाडग्यात सोडल्या. वरून कढत रस्सा ओतला. रोज तीनशे वाडगे भरणारा हा माणूस, पण आज त्याच्या हातून रस्सा सांडला.

"सांडव, सांडव," तळणीच्या कढईमागून तोयोमावशी म्हणाल्या. त्या कुनिआकीच्या वडिलांच्या काळापासून या दुकानात होत्या. "तुझ्या बापाने बघितलं असतं तर जाळी घालून मारलं असतं तुला."

"मावशी, लक्ष नाही माझं."

"दिसतंय. म्हणून तर बोलतेय."

दुकान बंद करून दारावरचा पडदा त्यांनी दोन वाजताच आत घेतला होता. शाळेतून आलेली कुनिआकीची नऊ वर्षांची मुलगी होनामी जेवणाच्या फळीपुढच्या उंच स्टुलावर पाय हलवत बसली होती. चार वर्षांत पहिल्यांदा ती वाफाळतं उदोन खाणार होती.

चार वर्षांपूर्वी ती याच स्टुलावर बसून उदोनवर फुंकर घालत होती आणि अचानक तिच्या उजव्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली पडल्या. "नीट धर!" कुनिआकी गर्दीतूनच खेकसला होता. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण शब्द येईना. अर्ध्या तासात हातही आला, शब्दही आला. पण तो खेकसलेला शब्द कुनिआकीला पुढे कधी परत घेता आला नाही. तपासणीत कळलं, मेंदूच्या तळाशी धमन्या अरुंद होत चालल्या होत्या आणि त्यांच्याभोवती धुरासारखं बारीक शिरांचं जाळं झालं होतं. जोरजोरात श्वास सोडला की मेंदूला रक्त कमी पडायचं. म्हणजे फुंकणं बंद, पळणं बंद, शाळेतली बासरी बंद, आणि हुंदके देऊन रडणं तर सगळ्यात आधी बंद.

तेव्हापासून उदोनवाल्याची पोर गार उदोन खाऊ लागली. तिची आई सायोको मात्र कधी कधी तिच्यासाठी गरम वाडगा खिडकीत नेऊन ठेवायची आणि तो कोमट होईपर्यंत दोघी समुद्रावरच्या बोटी मोजत बसायच्या. "फुगून लगदा होतो गं त्याचा," कुनिआकी कुरकुरायचा. "होऊ दे," सायोको म्हणायची. रोजची गिऱ्हाइकंही होनामी समोर असली की फुंकत नसत. मासळीबाजारातला धिप्पाड इवामोतो तर जीभ भाजून घ्यायचा, डोळ्यांत पाणी आणायचा आणि वर "झकास!" म्हणायचा.

मग पोटाच्या दुखण्याने सायोको गेली. होनामी तेव्हा सात वर्षांची होती आणि ऑपरेशन अजून व्हायचं होतं. कुनिआकीला एकच दिसत होतं: ही आता रडणार. म्हणून अंत्यविधीच्या दिवशी त्याने तिला तोयोमावशींबरोबर सकाळच्या बोटीने समोरच्या बेटावर पाठवून दिलं. दहन झाल्यावर घरची माणसं लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवत होती, तेव्हा तबकात होनामीच्या वाटची काड्यांची एक जोडी तशीच राहिली. संध्याकाळी होनामी त्याच्यासाठी बेटावरून शिंपला घेऊन आली. त्या दिवसापासून तिचा ओठ थरथरला की तो लगेच गाल फुगवून फुग्या माशाचं तोंड करायचा, आणि तीही शहाण्यासारखी हसायची. तो स्वतःही रडला नाही. घरात एक रडला की दुसऱ्याला फुटतं, एवढं त्याला कळत होतं.

मागच्या खोलीत सायोकोची तसबीर ठेवलेला छोटा देव्हारा होता. तिथली मेणबत्ती तोंडाने विझवायची नसते, हाताने वारा घालायचा. "आईसमोर कुणीच फुंकत नाही," होनामी एकदा म्हणाली होती. रोज शाळेआधी ती तिथे बसायची, घंटी वाजवायची आणि कोरड्या डोळ्यांनी उठून यायची.

ऑपरेशन सहा महिन्यांपूर्वी झालं. डोक्याच्या कातडीतली एक धमनी मेंदूवरच्या धमनीला जोडली. काल तपासणीत डॉक्टर म्हणाले, रक्त छान वाहतंय. होनामीने कागदावर यादीच लिहून नेली होती. पोहणं? चालेल. बासरी? चालेल. शर्यत, फुगे, गरम उदोन? चालेल, चालेल, खुशाल. "आणखी काही?" डॉक्टरांनी विचारलं. तिने बाबाकडे बघितलं आणि कागदाची घडी घातली.

आता वाडगा तिच्यासमोर होता.

"घाल फुंकर," तोयोमावशी म्हणाल्या. "बघतेस काय नुसती? देव आहे का, पुजायला?"

होनामीने काड्यांनी शेवया उचलल्या, ओठांचा चंबू केला आणि हळूच फुंकलं. वाफ जेमतेम हलली.

"ही फुंकर? मांजर शिंकलं तरी याहून जास्त वारा सुटतो!"

होनामीला हसू आलं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा फुंकलं. मग पुन्हा. कुनिआकी तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो तिच्या उजव्या हाताकडे बघत होता. काड्या जागच्या जागी होत्या. तिने सुर्रकन शेवया ओढल्या आणि नाकाच्या शेंड्यावर रस्सा उडाला.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

"गरम आहे," ती म्हणाली. तिला अगदी तेवढंच हवं होतं.

अर्धा वाडगा संपला आणि काड्या फळीवर टेकल्याचा आवाज झाला. कुनिआकी झटकन फळीवर वाकला. पण काड्या पडल्या नव्हत्या, तिने त्या नीट आडव्या ठेवल्या होत्या.

"बाबा, यादीतलं एक विचारायचं राहिलं."

"काय गं?"

"रडलेलं चालतं?"

कुनिआकीने तोयोमावशींकडे बघितलं. मावशी कढईतला गाळ काढण्यात गुंतल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

"चालतं."

"जोरात?"

"जोरात पण चालतं."

"बरं," ती म्हणाली आणि स्टुलावरून खाली उतरली. मागच्या खोलीत जाऊन तिने सरकतं दार लावून घेतलं.

घंटी वाजली. तोयोमावशींनी वर हात करून घरघरणारा पंखा बंद केला.

आधी एक बारीक आवाज आला, फुंकरीसारखाच बिचकत. मग ती "आई" म्हणाली. आणि मग दोन वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं.

कुनिआकी दाराशी पोहोचलासुद्धा होता. हात दाराच्या खाचेत होता आणि सवयीने गाल फुगले होते, तोंडाचा मासा तयार होता.

"कुनी," तोयोमावशी मागून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "रडू दे तिला. मी तिला बोटीने नेलं रे तेव्हा. दिवसभर शिंपले वेचत होती, एक अक्षर बोलली नाही. रडू दे."

त्याने गालांतली हवा हळूहळू सोडली. हात मात्र खाचेतून निघेना. तो तिथेच गुडघ्यांवर बसला. आतल्या प्रत्येक हुंदक्याबरोबर तो तिचा श्वास मोजत होता. ती सवय काही लगेच सुटणार नव्हती. फळीवरचं उदोन फुगत चाललं होतं.

थोड्या वेळाने आतला आवाज जरा उतरला. नाक ओढल्याचं ऐकू आलं. ती दोन्ही हातांनी डोळे पुसत असणार, त्याला ऐकूनच कळलं.

"बाबा," ती आतून म्हणाली. शब्द स्पष्ट होता. "तू पण ये ना. आता चालतं."

कुनिआकीने कमरेचा ओला एप्रन सोडला आणि दार सरकवलं.