साठ टक्क्यांचा माणूस

"फट कमी कर," हॅटी म्हणाली.

"आहे ती बरी आहे की."

"ऑर्विल, दोन वर्षं तू मला पंच्याहत्तर टक्के, पंच्याहत्तर टक्के म्हणून थापा मारतोयस. माझे डोळे गेलेत, जीभ नाही गेली."

ऑर्विलचा हात भरडायच्या यंत्राच्या रुळांमधली फट ठरवणाऱ्या स्क्रूवरच थिजला. शेबॉयगनमधल्या या गॅरेजात बिअर करायला त्याला हॅटीनेच शिकवलं होतं. नऊ वर्षं झाली, पण मोड आणून वाळवलेल्या सातूत जेवढी साखर दडलेली असते, त्यातली साठच टक्के त्याच्या हाती लागायची. बाकीची चोथ्याबरोबर शेजारच्या कोंबड्यांच्या पोटात. भरड बारीक केली की साखर जास्त सुटते, हे त्याला तोंडपाठ होतं. पण एकदा तशी केली, तर सगळा लगदा गच्च बसला, थेंब गळेना. घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबातली मंडळी पोट धरधरून हसली. तेव्हापासून फट रुंदच. एकतीस वर्षं शाळेचा बॉयलर सांभाळलेला हा माणूस. लग्नाची मागणीसुद्धा त्याच्या वतीने बहिणीने घातली होती.

"उद्या मुलगा मला टूसॉनला नेतोय. परत यायची नाही मी आता. एकदा तरी खरं करून दाखव."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने स्क्रू आवळला. बारीक भरड गरम पाण्यात कालवली. निथळायला वाट राहावी म्हणून हॅटीने चाचपत मूठमूठ भाताची टरफलं घातली. तासाभराने ऑर्विलने चव घेतली आणि तो थक्क झाला. मघाची पिठूळ पेज मधासारखी गोड झाली होती. कोणी चिमूटभर साखर घातली नव्हती. दाण्याने आपली साखर आपणच केली होती. इतकी वर्षं हेच तर तो करत होता, पण आज त्याला डोक्यावरची टोपी काढावीशी वाटली.

त्याने तोटी उघडली. धार आली, बारीक झाली, थांबली.

"बसलं! तरी सांगत होतो!"

"बोंबलू नकोस. बंद कर, ढवळ, दहा मिनिटं निवांत राहू दे. मग सुतळीएवढीच धार सोड. तू ओढतोस रे, त्याला आपणहून येऊ द्यावं."

धार आली. आधी गढूळ, मग स्वच्छ, तांबूस. तासभर तुटली नाही. भांडं रेषेपर्यंत भरलं.

नमुना थंड करून त्याने काचेच्या उंच नळकांड्यात ओतला आणि हायड्रोमीटर सोडला. रस जितका गोड, तितका तो वर तरंगतो. ऑर्विलने आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तोंडाशी आलेला आकडा तोंडातच राहिला. दोन वर्षं खोटं बोललेल्या माणसावर आता कोण विश्वास ठेवणार?

"हॅटी, मी सांगून तुम्हाला पटायचं नाही..."

"सांगू नकोस. हात धर माझा."

त्याने तिचं मनगट धरून नळकांड्यापाशी नेलं. तिने अंगठा काठावर टेकवला आणि तर्जनीने वर आलेली काचेची दांडी हलकेच चाचपली. टोक सापडायला वेळ लागला.

"एवढी वर?"

"हो."

"माझी कधी एवढी आली नव्हती," ती म्हणाली.

तिने बोट काढलं नाही. ऑर्विलने दोन्ही हातांनी नळकांडं घट्ट धरलं आणि ते हलू नये म्हणून तो तसाच उभा राहिला.