पंधरा नंबरचे बूट आणि मी

मी गाडा बोलतोय. चाकं शोधू नका, मला ती नाहीत. खाली दोन लोखंडी पट्ट्या, पुढे गाद्या बांधलेले पाच खांब आणि मागे एका माणसाला उभं राहता येईल एवढी फळी. नेब्रास्कातल्या सीडर फोर्क कॉलेजच्या मैदानावर सत्तावीस वर्षं पोरांनी मला खांद्यांनी ढकललं. उन्हात ढकललं, बर्फात ढकललं, हरल्यावर तर जास्तच ढकललं. मी दमलोय, हे आधीच सांगून टाकतो.

मला गावातल्या वेल्डरनं बनवलं. एरवी तो धान्याच्या कोठारांची दारं जोडायचा, त्यामुळे माझ्यात नाजूकपणा औषधालाही नाही. रंग दिला तेव्हा मी लाल होतो म्हणे. मला ते आठवतही नाही.

आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये पुढच्या फळीतली पाच माणसं चेंडूला हातही लावत नाहीत. समोरच्याला ढकलत राहायचं, एवढंच त्यांचं काम. पेपरात फोटो दुसऱ्यांचे येतात. असली पोरं हुडकून आणायची आणि त्यांना घडवायचं, हे मायलो ह्रुस्का कोचचं काम होतं. तो माझ्या फळीवर उभा राहायचा, गळ्यात शिट्टी, आणि वरून बोलणी. "खाली वाक, लेका! आजीला मिठी मारतोयस का?" त्याचं वजन वर्षागणिक वाढत गेलं, तेही मीच सोसलं.

हिवाळ्यात मात्र महिनाभर मला सुट्टी मिळायची. कोच तेव्हा शेतांवरच्या घरांतून हिंडायचा. स्वयंपाकघरात बसून आयांच्या हातचे जॅम भरलेले कोलाचे नावाचे गोड पाव खायचा आणि पोरं निवडायचा. परत आला की नव्या कोचांना माझ्याजवळ उभं करून शिकवायचा.

"सतरा वर्षांच्या पोराकडे काय बघायचं? अजून वाढायचंय ते. दारातले बूट बघा. घरातल्या थोरल्यांचे बूट मोठे असतील, तर पोरगं भरणार. माणसं थापा मारतात, बूट मारत नाहीत."

कोल्बी टेनहॉफ असाच बुटांवर आला. पहिल्या दिवशी त्यानं मला खांदा लावला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. दोनशे पाच पौंडांचं पोरगं, बाकीचे तीनशेच्या घरात. पण त्याच्या दारात कोचनं पंधरा नंबरचे बूट पाहिले होते. कोच त्याला म्हणाला, "दोन वर्षं सामना विसर. खा, अभ्यास कर, हा गाडा ढकल. तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती तुझी. माझा शब्द."

त्या शब्दावर त्या घराचं सगळं चाललं होतं. कोल्बीची आई डार्ला शाळेच्या भटारखान्यात काम करायची. दोन वर्षांची फी तिनं कशीबशी उभी केली होती. तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती नाही मिळाली, तर कोल्बीचं कॉलेज बंद.

पोरगं खायचं हो. सकाळी आठ अंडी, दुपारी मांस भरलेले चार पाव, वर दूध. पण दोनशे तीसवर काटा अडला तो अडलाच. एकदा वजनाच्या दिवशी त्याच्या चड्डीतून लोखंडाची गोल चकती सुटली आणि ठणकन माझ्या पट्टीवर आदळली. सगळे खो खो हसले. कोचनं चकती उचलून त्याच्या हातात दिली. "हे घे, तुझं हाड पडलं." कोचही हसला, पण त्या दिवशी फळीवरून त्यानं एकदाही शिवी दिली नाही. मला ते बरं वाटलं नाही.

मग नवा मुख्य कोच आला, ग्रेग लँगफर्ड. चांगला नीटनेटका माणूस, बूट कायम स्वच्छ. त्याचं म्हणणं, पोरं घडवत बसायला वेळ कुणाला आहे? दुसऱ्या कॉलेजांतून तयार खेळाडू येतात, ते घ्यावेत.

"मायलो, शेती बंद करा आता," तो म्हणाला. "सगळं तयार मिळतं."

त्यानं ब्रॉडी मॅक्रे नावाचा तीनशे पंधरा पौंडांचा तयार गडी आणला. पुढच्या फळीसाठी शिष्यवृत्ती एकच उरली होती. आणि कोल्बीचं दुसरं वर्ष संपत आलं होतं.

वसंतातल्या सरावात लँगफर्डनं दोघांना माझ्यापुढे उभं केलं. ह्रुस्का फळीवर चढला. आधी ब्रॉडी. काय धडकला तो! माझं तोंड वर उचललं गेलं, खांब करकरले. पण दहा पावलांत त्याचा जोर ओसरला आणि मी थांबलो. मग कोल्बी. खरं सांगतो, मला या पोराचा राग यायचा. बाकीचे धडकायचे आणि सोडायचे. हा खाली वाकायचा, बारीक पावलं टाकायचा आणि थांबायचाच नाही. त्या दिवशी त्यानं मला पांढऱ्या रेषेपर्यंत नेलं, रेषा ओलांडून कुंपणापर्यंत नेलं.

"चांगला आहे," लँगफर्ड म्हणाला. "पण दोनशे तीस." आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेला.

सगळे जेवायला गेल्यावर ह्रुस्का माझ्या फळीवर बसला. कोल्बी शेजारी गवतात पाणी पीत होता.

"कोल्बी, माझं चुकलं," कोच म्हणाला. "तू वाढशील म्हणून आणलं तुला. तुमच्या दारातले बूट बघून."

कोल्बीनं बाटली खाली ठेवली. "ते आमचे नव्हते, कोच."

"म्हणजे?"

"शेजारच्या लोवेलकाकांचे. आईनं मागून आणले होते. माझे बाबा पाच फूट सात इंच. तुम्ही बूट बघता हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे."

ह्रुस्का पुढे वाकला. "आणखी कुणाकुणाच्या दारात गेले रे हे बूट?"

"सगळं नाही माहीत. पण रँडी क्लोपिंगच्या घरी गेले होते."

"रँडी? अरे, रँडी चार वर्षं खेळला माझ्याकडे! कॅप्टन होता!"

"होता ना."

कोच हसायला लागला. इतका हसला, की फळी हलायला लागली आणि मलाही हसू आलं. मग हळूहळू त्याचं हसणं थांबलं. रुमालानं डोळे पुसत तो म्हणाला, "म्हणजे बुटांनी कुणाला मोठं केलंच नाही." आणि त्यानं माझा खांब दोनदा थोपटला. एवढ्या वर्षांत त्यानं तसं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघे कोच माझ्याजवळच बोलत उभे होते. ह्रुस्कानं फार वेळ घेतला नाही.

"तुम्हाला माझ्या जागी तुमचा माणूस हवाय, हे मला कळतं. येता हंगाम संपला की मी जातो. ती शिष्यवृत्ती कोल्बीला द्या."

"त्या बारक्या पोरासाठी नोकरी सोडताय, मायलो?"

"शब्द दिलाय. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून दिलाय."

लँगफर्डनं हात पुढे केला. मला वाटतं, त्याला ते स्वस्तात पडलं.

कोल्बी दोन हंगाम खेळला आणि शिकून बाहेर पडला. आता एका शाळेत पोरांना शिकवतो असं ऐकतो. कुठल्या, ते मला माहीत नाही. ब्रॉडी दहा महिन्यांत तिसऱ्याच कॉलेजात गेला.

ह्रुस्काच्या शेवटच्या दिवशी डार्ला आली होती. बुटकी बाई, थंडीनं नाक लाल झालेलं. तिच्या हातात पिशवी होती. "लोवेल मागच्या महिन्यात गेले," ती म्हणाली. "त्यांच्या बायकोनं हे तुम्हाला पाठवलेत." कोचनं पिशवी उघडली. आत पंधरा नंबरचे बूट. मग त्यानं ते बूट माझ्या फळीवर ठेवले, तो जिथे उभा राहायचा बरोबर तिथे, आणि गाडीकडे चालू लागला.

त्यानंतर मला कुणी ढकललं नाही. मला शेडमागे ओढून टाकलं. माझ्या गाद्या फाटल्यात, पट्ट्या गंजल्यात, उजव्या बुटात चिमणीनं घरटं केलंय. इतकी वर्षं मी विश्रांती मागत होतो. मिळाली तर तीही अंगावर येते.

परवा भंगारवाला मला मोजून गेला. माझी काही तक्रार नाही, खुशाल न्या. फक्त तेवढे बूट आधी उतरवा. पिल्लं उडाली की झटकून घ्या आणि आसपास एखादं किडकिडीत, हट्टी पोरगं असेल, तर त्याच्या दारात ठेवून या. यंदाच्या हिवाळ्यातही कोणीतरी कोच बघायला येणारच.