साहेबांनी न पाहिलेली काच

मी एक जुनी काच आहे. जीपची समोरची काच. मित्रांनो, मला आडवा तडा गेला आहे, तरी मी विखुरलेली नाही. माझ्यासारख्या काचेत खरे तर दोन काचा असतात आणि त्यांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवून मला घडवले आणि डाव्या कोपऱ्यात एक बारीक नंबर कोरला.

सात वर्षे मी आबारावांच्या जीपवर होते. हसनाबाद ते भोकरदन अशा दिवसाला सहा फेऱ्या व्हायच्या. आबाराव मला ओल्या वर्तमानपत्राने पुसत आणि प्रवाशांना म्हणत, "गाडी जुनी हाय, पण काच बघा, आरशावानी!"

१९९८च्या भादव्यात केदारखेड्याजवळ पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला. ज्वारीच्या दाण्याएवढा टवका निघाला. उन्हाने काच प्रसरण पावते, पावसाच्या सरीने आकुंचन पावते. तिसऱ्या दिवशी तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

भोकरदनला कडूबांचे काचा बसवण्याचे लहानसे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर. आबाराव म्हणाले, "कडूबा, आजच बसवून दे. गाडी उभी राह्यली तर खायचं काय? इमा हाय माझा. मी सही करून देतो, कंपनीचे पैसे तुलाच."

"कंपनी काय माझ्या सासऱ्याची हाय, लगेच द्यायला?" कडूबा हसले. पण त्यांनी जालन्याच्या व्यापाऱ्याकडून बावीसशेची नवी काच उधार आणली. दसऱ्याला पैसे देतो, असा शब्द दिला.

विमा कंपनीच्या पाहणी करणाऱ्या साहेबांना त्यांनी फोन केला. साहेब म्हणाले, "नवी बसवा. पण जुनी जपून ठेवा. तिचा नंबर पाहिल्याशिवाय बिल मंजूर होत नाही. सोमवारी येतो."

सोमवार गेला. पुढचाही गेला. कडूबा रोज फोन करायचे आणि रोज 'उद्या' ऐकायचे. आज-उद्याचाच प्रश्न म्हणून त्यांनी घरी काही सांगितले नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ते जालन्याला गेले होते. त्यांच्या पत्नी गोजरबाई घर सारवत होत्या. शेजारच्या दुर्गाबाईंनी मला पाहिले.

"गोजरे, फुटकी काच घरात ठेवून घट मांडती का?"

"अगं बाई! ध्यानातच न्हाई आलं."

दोघींनी मला उचलून गावाबाहेरच्या ओढ्यात टाकले. त्यात दुष्टावा नव्हता. फुटकी काच घरात ठेवू नये, एवढेच त्यांना माहीत होते.

त्या रात्री पाऊस झाला आणि मी गाळात रुतले. साहेब आले ते नेमके तिसऱ्या माळेला. कडूबा धावत ओढ्यावर आले. गुडघाभर पाण्यात उभे राहून ते हातांनी गाळ उपसत होते. गाळातल्या दगडांनी बोटे कापून रक्त येत होते. माझ्यापासून ते दोन हातांवर होते! मी इथे आहे, असे मला ओरडावेसे वाटत होते. पण काचेला आवाज फुटतो तो फक्त फुटताना.

काठावरून गोजरबाई रडत म्हणाल्या, "अहो, एका शब्दानं सांगितलं असतं तर!"

"माझंच चुकलं. तू जल्दी जा, साहेबाला चहा पाज. थांबव त्यांना!"

साहेबांना चारची बस गाठायची होती. त्यांनी कागदावर 'जुनी काच आढळली नाही' असे लिहिले आणि ते गेले.

तीन दिवसांनी पाणी ओसरले आणि मी गोजरबाईंना सापडले. कडूबा मला गोधडीत गुंडाळून जालन्याच्या कचेरीत घेऊन गेले. कोपऱ्यातला नंबर स्वच्छ वाचता येत होता. पण टेबलामागच्या माणसाने गोधडी उघडूसुद्धा दिली नाही. "फाइल बंद झाली. आता पुन्हा पाहणीसाठी अर्ज करा. साहेब येतील तिकडे." कडूबांनी तिथेच अर्ज दिला.

दसरा झाला. व्यापाऱ्याने उधारी बंद केली. दिवाळीपर्यंत दुकानातल्या उरलेल्या चार काचाही त्याचा माणूस घेऊन गेला. आबाराव मान खाली घालून येतात, महिन्याला शंभर रुपये ठेवतात. कडूबा आता दुसऱ्याच्या गॅरेजात रोजाने जातात. संध्याकाळी आल्यावर पहिला प्रश्न एकच असतो, "कुणी आल्तं का?"

"न्हाई," गोजरबाई म्हणतात. रिकाम्या दुकानात त्यांनी मला भिंतीशी उभे केले आहे. दुर्गाबाई नाक मुरडतात, तेव्हा त्या म्हणतात, "असू दे. इडापिडा यायची ती येऊन गेली." आणि पदराने माझा कोपरा पुसतात.

मित्रांनो, वस्तू जपा असे मी तुम्हाला सांगणार होते. पण मला जपणारी माणसे तर होतीच. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी अशा टेबलामागे बसेल. तेव्हा 'सोमवारी येतो' म्हणालात, तर सोमवारी जा. तिकडे कुणीतरी तुमच्या वाटेकडे डोळे लावून दार उघडे ठेवलेले असते.