दादाची खुर्ची

मी एक खुर्ची आहे. घरी आलेल्या माणसाला खुर्चीने ‘बसा’ म्हणावं, ही रीत. पण तुम्ही आधी माझं ऐकून घ्या, बसायचं की नाही ते मग ठरवा.

मी शिसवाची. लखनौच्या महानगर भागात, कपूरथला बाजारामागच्या एका सुताराने मला गोपीनाथरावांसाठी घडवलं. गोपीनाथराव मूळचे साताऱ्याचे; इथल्या संशोधन संस्थेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. हात टेकायला रुंद हत्ते आणि मान टेकायला उंच पाठ, एवढंच त्यांनी सुताराकडे मागितलं होतं. निवृत्त झाल्यावर ते दुपारी जेवून माझ्यावर बसत आणि पेपर तोंडावर घेऊन घोरत. फार सुखाचे दिवस होते ते.

घरात मुलं दोन. मयूर बँकेत, धाकटी सावनी शाळेत शिकवायला. मयूर म्हणजे गरीब गाय. तो बोलायला लागला की कुणीतरी मधे तोंड घालणार हे ठरलेलं. बँकेत गिऱ्हाईक, घरी सावनी. त्याची अर्धवट राहिलेली वाक्यं मी इतकी ऐकलीत की पुरी करायचा मोह मलाच व्हायचा. सावनी घरभर हिंदीच झाडायची, पण एक शब्द तेवढा तिने मराठी ठेवला होता. “दादा, चाय ठंडी हो रही है यार!”

मग वेब सिरीजवाले आले. गुंडाच्या गोष्टीसाठी त्यांना जुनं घर हवं होतं, आणि माझी उंच पाठ बघून दिग्दर्शकाने मला सिंहासनच करून टाकलं. तेवढ्यात आतून सावनीची हाक आली, “दादा!”

दिग्दर्शक थबकला. इकडे हिंदीत दादा म्हणजे आजोबा. “आप भाई को दादा बुलाती हैं?”

“हाँ, मराठी में बड़े भाई को दादा ही बोलते हैं,” सावनी म्हणाली.

“और गुंडे को भी,” मयूरने भर घातली. “हमारे यहाँ दोनों के लिए एक ही शब्द है.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी मधे तोडलं नाही. तोडलं असतं तर किती बरं झालं असतं.

गुंडाचं नाव ‘भैयाजी’ ठरलं होतं, ते बदलून ‘दादा’ झालं. नट बिचारा साधा माणूस, शॉट संपला की खिशातले फुटाणे खात बसायचा. पण माझ्यावर बसला की त्याचे हात हत्त्यांवर यायचे आणि आवाज असा खाली जायचा, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. कुणी काही मागायला आलं की तो म्हणायचा, “पहले दादा बोलो.” शेवटच्या भागात त्याला माझ्यावरच गोळी घातली. रक्त होतं साखरेच्या पाकाचं, ते डाव्या हत्त्यावर सांडलं. सावनीने गरम पाण्याने घासून घासून धुतलं. तरी संध्याकाळ झाली की मुंग्या तिथे येतात. साखर तर केव्हाच गेली. त्या काय शोधतात, देव जाणे.

सिरीज गाजली. हजरतगंजातले रिक्षावालेही ते वाक्य म्हणायला लागले, आणि ‘ती खुर्ची’ बघायला लोक घरी यायला लागले. दाताचे डॉक्टर आले, कॉलेजातल्या बाई आल्या, पूजा सांगणारे पंडितजी आले. सगळे हसत हसत बसायचे. मग हात हत्त्यांवर जायचे, आवाज खाली जायचा आणि खोली चिडीचूप व्हायची. बाई असोत की पंडितजी, गळ्यातून निघणारा आवाज एकच. मला त्या आवाजाची भीती वाटायला लागली. पण एक गोष्ट कळली. यांना कुणाला मारायचं नसतं. माणूस हयातभर मधेच तोडला जातो; आपलं वाक्य संपेपर्यंत समोरचा हूं की चूं करणार नाही, अशी एक जागा त्याला हवी असते. गुंडांच्या गोष्टी लोकांना पुरत नाहीत त्या यासाठी.

आणि मयूर तर रोजच बसू लागला.

आधी गंमत होती. एकदा भाजीवाला दारात आला तेव्हा मयूर माझ्यावरूनच हळू आवाजात म्हणाला, “बैठो.” भाजीवाला हसला. मग त्याचं हसू विरलं आणि तो उंबऱ्याशी उकिडवा बसला. कालची भेंडी जून निघाली, एवढंच मयूरला सांगायचं होतं. त्याने ते सावकाश, शेवटपर्यंत सांगितलं. जाताना भाजीवाला हात जोडून म्हणाला, “गलती हो गई, दादा.”

सावनी दारात उभी होती. तिची भावासाठीची हाक परक्या माणसाच्या तोंडी भीतीने कापत होती. त्यानंतर ‘दादा’ म्हणताना तिची जीभ अडखळायला लागली.

मग ती संध्याकाळ आली. गोपीनाथराव पेपर वाचत बसले होते. मयूर बँकेतून आला आणि समोर उभा राहिला.

“उठा,” तो म्हणाला.

ओरडला असता तर गोपीनाथरावांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण तो हळू म्हणाला, आणि ते पेपर सावरत उठले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलासमोर. मयूर बसला. चष्मा माझ्या हत्त्यावरच राहिला, तो मागायचाही त्यांना धीर झाला नाही. माझा जीव तुटला.

सावनी आतून आली. “मयूर,” ती म्हणाली. जन्मात प्रथमच तिने त्याला नावाने हाक मारली. “मयूर, बाबा का चश्मा दो.”

मयूर हळूच म्हणाला, “आधी दादा म्हण.”

भाऊ विनवत होता की तो दुसरा, सिरीजमधला दादा बोलत होता, मला कळलं नाही. मला वाटतं, त्यालाही कळलं नव्हतं. सावनीने चष्मा ओढून घेतला आणि आत गेली.

आता मी व्हरांड्यात आहे. सावनीने कबाडीवाल्याला बोलावलं होतं. तो मजबुती बघायला माझ्यावर बसला, काहीतरी बोलायला गेला, स्वतःचाच आवाज ऐकून झटकन उठला. “ये हम नहीं ले जाएँगे, दीदी,” म्हणाला आणि गेला.

मयूर बँकेतून आला की माझ्यावर बसत नाही. शेजारी पायरीवर बसतो आणि त्याच्या जुन्या, घाईच्या आवाजात दाराकडे बघून म्हणतो, “सावनी, ऐक ना. मला त्या दिवशी म्हणायचं होतं की...” आत कुकरची शिट्टी होते. वाक्य राहतं. मग आतून हाक येते, “मयूर, खाना खाने आओ.”

तो उठत नाही. माझ्याकडे बघतो. हत्त्यावर मुंग्या चढू लागलेल्या असतात.

माझी एवढीच विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी सावनीला ओळखत असेल, तर तिला सांगा, एकदा दादा म्हण. ती हाक आली तर तो उठून आत जाईल. नाही आली, तर एके दिवशी मला त्याला ‘बस’ म्हणावंच लागेल. खुर्चीला दुसरं काही म्हणता येत नाही.